मोडेमवरून कॉल लावायचाय? सेमीकोलन विसरू नका

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सिम ८०० चं मॉड्यूल, म्हणजे सिम घालायचा छोटा मोडेम, उचललंत ना, मग आधी एक लक्षात घ्या, हे २जी वालं आहे, जिओचं सिम यात चालणारच नाही. आणि कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टाइप इंग्रजीतच करायच्या.

मॉड्यूल लॅपटॉपला जोडणारा यूएसबी-सिरियल अडॅप्टर लावा, पुटी (कमांड टाइप करायचं सॉफ्टवेअर) उघडा, स्पीड ९६०० ठेवा, 'एटी' लिहून एंटर मारा. 'ओके' आलं म्हणजे गडी जागा आहे. एटी म्हणजे अटेन्शन, १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून हेच चालू आहे. काहीच आलं नाही तर टीएक्स-आरएक्स, म्हणजे डेटा पाठवायची आणि घ्यायची वायर, उलटे लागलेत, माझे दरवेळी लागतात.

मग सिम तयार आहे का बघायला 'एटी+सीपिन?', त्याला 'रेडी' यायला हवं. 'एटी+सीएसक्यू' म्हणजे सिग्नल, ० ते ३१, आणि ९९ आलं तर त्याला काही कळतच नाहीये. आमच्या गिरगावच्या चाळीत आतल्या खोलीत ७ आणि गॅलरीत १९, म्हणून सगळा पसारा गॅलरीत, शेजारचे काका रोज विचारतात काय बॉम्ब बनवतोस काय. 'एटी+सीरेग?' ला ०,१ आलं की नेटवर्क मिळालं, रोमिंगवर ०,५.

आता व्हॉइस कॉल. 'एटीडी', लगेच नंबर आणि शेवटी हा सेमीकोलन (;). तो राहिला की मोडेम समजतो डेटा कॉल आहे, आणि बहुतेक वेळा थोड्या वेळाने 'नो कॅरियर' म्हणून गप्प. मी अख्खा रविवार सिमला शिव्या घालत काढलाय. कॉल लागला तरी आवाज हवा तर मॉड्यूलच्या पिनांना माइक आणि स्पीकर जोडावे लागतात. समोरून फोन आला की 'रिंग' दिसतं, उचलायला 'एटीए', ठेवायला 'एटीएच'.

कॉल लावताक्षणी मॉड्यूल रीसेट होतंय? पॉवर. झटक्यात २ अँपियरपर्यंत खेचतं आणि व्होल्टेज ३.४ ते ४.४ मध्येच लागतं, लॅपटॉपच्या यूएसबीवर भागत नाही. मी मॉड्यूल खराब म्हणून बदलून आणायला गेलो तर दुकानदार मान वर न करता म्हणाला, "शेठ, सप्लाय कुठला लावलाय?" गुपचूप परत आलो.

नेटसाठी वेगळं: आधी 'एटी+सीजीडीकॉन्ट' मध्ये एपीएन, म्हणजे कंपनीच्या नेटचा पत्ता, भरा (एअरटेलचं एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम), मग 'एटीडी*९९#', सेमीकोलन न लावता. 'कनेक्ट' आलं की पुढचं पीपीपीचं (या लाइनवरून इंटरनेट चालवायच्या पद्धतीचं) काम, लिनक्सवर डब्ल्यूव्हीडायल नावाचा प्रोग्राम ते करून देतो. यानंतर तुम्ही टाइप कराल ते कमांड नाही, डेटा म्हणून जातं, त्यामुळे 'एटीएच' मारत बसलात तरी लाइन कटत नाही. आधी +++ मारायचं, त्याच्या आधी आणि नंतर एकेक सेकंद कीबोर्डला हात लावायचा नाही, एंटरसुद्धा नाही. 'ओके' येईल, मग 'एटीएच'.