हिरवा ठिपका, शिळा डेटा: स्ट्रीमिंग क्लायंटमध्ये या चुका टाळा

लातूर बाजार समितीतला सोयाबीनचा भाव थेट मोबाइलवर दाखवायचा आहे. त्यासाठी सर्व्हरशी कनेक्शन सतत उघडं ठेवून डेटा घेत राहणारा प्रोग्राम म्हणजे स्ट्रीमिंग क्लायंट. स्क्रीनवर हिरवा ठिपका आणि ‘कनेक्टेड’ दिसतं, भाव मात्र तासाभरापूर्वीचा. यापेक्षा सरळ एरर आलेली बरी, कारण ती पाहून शेतकरी माल काढण्याआधी निदान फोन करून विचारतो.

टॉवरची वीज गेली किंवा फोनने नेटवर्क बदललं, की जुनं टीसीपी कनेक्शन नुसतंच उघडं राहतं. फक्त वाचत बसलेल्या क्लायंटला ते मेल्याचं कळत नाही. सर्व्हरने दर 15 सेकंदांनी हार्टबीट, म्हणजे ‘मी जिवंत आहे’ एवढंच सांगणारा छोटा संदेश, पाठवावा आणि 45 सेकंद शांतता असेल तर क्लायंटने स्वतः कनेक्शन तोडून नवं जोडावं. एसएसईमध्ये (सर्व्हर-सेंट इव्हेंट्स, सर्व्हरकडून ब्राउझरकडे एकतर्फी मेसेज पाठवायची पद्धत) हार्टबीट म्हणून कोलनने सुरू होणारी ओळ पाठवायची पद्धत आहे. पण एसएसई वाचणारा ब्राउझरचा इव्हेंटसोर्स ती गिळतो, जावास्क्रिप्टपर्यंत पोचू देत नाही. ब्राउझरमधल्या वेबसॉकेटच्या (दुतर्फी कनेक्शनच्या) पिंगचंही, म्हणजे त्यातल्या हार्टबीटचंही तेच. तिथे खरा मेसेजच पाठवा. शेवटचा मेसेज कधी आला, ही वेळ कनेक्शन सांभाळणाऱ्या लायब्ररीने ॲपला दिलीच पाहिजे.

डेटा नसताना कनेक्शन बरोबर 60 सेकंदांनी तुटतंय? सर्व्हरपुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी (मधला सर्व्हर) असेल, तर आधी त्याचा रीड टाइमआउट, म्हणजे डेटाची वाट पाहायची मर्यादा, पाहा. डिफॉल्ट तेवढाच असतो. मेसेज गठ्ठ्याने येत असतील तर प्रॉक्सी बफरिंग, म्हणजे प्रॉक्सीने डेटा साठवून मग पुढे पाठवणं, बंद करा.

तुटलं की लगेच पुन्हा जोडू नका. वीज आली की तालुक्यातले सगळे फोन एकदम सर्व्हरवर धडकतात. 1, 2, 4, 8 असं वाढवत 30 सेकंदांपर्यंत थांबा आणि त्यात रँडम अंतर मिसळा. 401 (ओळख न पटल्याचा एरर) आला तर मात्र थांबून उपयोग नाही, ओळख पटवणारं टोकनच नवं घ्या.

पुन्हा जोडताना मधले मेसेज गळू नयेत म्हणून शेवटच्या मेसेजचा आयडी जपावा लागतो, पण तो मेसेज डेटाबेसमध्ये लिहून झाल्यावरच सेव्ह करा. मग क्वचित एखादा मेसेज दोनदा येईल. डेटाबेसमध्ये आयडीवर युनिक की (तोच आयडी दोनदा लिहू न देणारी अट) ठेवली की प्रश्न मिटला.

आपल्याकडे हमखास दिसणारी चूक वेगळीच. ‘औसा’ हा शब्द यूटीएफ-8 मध्ये (मजकूर बाइटमध्ये साठवायच्या पद्धतीत) 9 बाइटचा, प्रत्येक चिन्हाला 3. नेटवर्कवरून आलेला डेटाचा तुकडा चिन्हाच्या मध्येच संपला आणि तो स्वतंत्र डीकोड केला, तर अक्षराजागी � उमटतं. बाइटचा मजकूर करणाऱ्या जावास्क्रिप्टच्या टेक्स्टडीकोडरला स्ट्रीम ट्रू द्या, म्हणजे अर्धं चिन्ह तो पुढच्या तुकड्यासाठी राखून ठेवतो. नुसत्या इंग्रजी डेटावर टेस्ट केली तर हे कधीच सापडणार नाही.

आणि टेस्टसाठी एअरप्लेन मोडवर विसंबू नका. नेटवर्क गेल्याचं ऑपरेटिंग सिस्टिम त्यात लगेच सांगून टाकते. आयपीटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलने कनेक्शनच्या पोर्टचे पॅकेट ड्रॉप करा आणि ठिपका लाल व्हायला किती सेकंद लागतात ते मोजा.