खिडकीपाशी जाण्याआधी : बेघर व्यक्तीच्या ओळखपत्राची तयारी

बेघर व्यक्तीला ओळखपत्र मिळवून देण्याच्या कामातला फार थोडा भाग कार्यालयाच्या खिडकीपाशी घडतो. बाकीचे सारे काम त्याआधीचे असते. ते घाईने उरकले तर अर्ज परत येतो, आणि एकदा रिकाम्या हाताने परतलेला माणूस दुसऱ्यांदा सोबत यायला सहसा तयार होत नाही. म्हणून अर्जाला हात लावण्यापूर्वी पुढील तयारी करून घ्यावी.

सर्वप्रथम संमती घ्यावी, आणि ती सही-अंगठ्यापुरती नसावी. कोणता कागद काढायचा आहे, त्यासाठी कोणती माहिती कोणाला द्यावी लागेल आणि ती कुठे नोंदली जाईल, हे त्या व्यक्तीला कळेल अशा शब्दांत सांगावे. घरातल्या मारहाणीला कंटाळून बाहेर पडलेल्या स्त्रीला आपला ठावठिकाणा घरच्यांना लागेल ही भीती असते आणि ती खरी असते. तिच्या बाबतीत पत्ता गोपनीय ठेवण्याची सोय आहे का, याची चौकशी अर्जाच्या आधी करावी, नंतर नव्हे.

मग माहिती गोळा करावी, पण एका बैठकीत सगळे विचारू नये. घरी हाक मारायचे ते नाव, शाळेत लागलेले नाव, लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव, आईवडिलांची नावे, हे सर्व ऐकू येईल तसे लिहून घ्यावे. जन्मतारीख ठाऊक नसेल तर मोठा पूर, दुष्काळ, धाकट्या भावंडाचा जन्म अशा खुणांवरून वर्ष शोधत जावे. रकाना रिकामा दिसू नये म्हणून मनाने तारीख घालणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण एकदा चढलेली तारीख पुढच्या प्रत्येक कागदावर उतरते आणि निवृत्तिवेतनाच्या वेळी आडवी येते.

या कामातली मुख्य अडचण अशी की एक कागद दुसरा कागद मागतो : जन्मदाखल्यासाठी ओळखपत्र लागते आणि ओळखपत्रासाठी जन्मदाखला. हा फेरा तोडायचा तर त्या व्यक्तीचे नाव आधीच कुठे लिहिलेले आहे ते शोधावे लागते. शाळेचे प्रवेशपुस्तक, रुग्णालयाचा केसपेपर, जुनी मतदार यादी, कामावरचा हजेरीपट, धार्मिक स्थळाची विवाहनोंद, तुरुंगातून सुटकेचा कागद, यांपैकी काहीही चालू शकते. प्रत्येक शक्यतेसमोर गाव आणि अंदाजे वर्ष लिहून ठेवावे. एका वृद्ध गृहस्थांना शाळेचे नावही आठवत नव्हते, फक्त वर्गाच्या खिडकीतून मालगाड्या दिसत एवढे आठवत होते. तेवढ्या आठवणीवरून शाळा सापडली. नोंदीत आडनाव वेगळे लिहिलेले होते, पण वडिलांचे नाव जुळले. ती नोंद वाचून दाखवली तेव्हा त्यांनी पानावरच्या आपल्या नावावर बोट ठेवले आणि बराच वेळ उचललेच नाही.

जन्माची नोंदच झालेली नसेल तर उशिरा नोंदणीची प्रक्रिया सर्वांत आधी सुरू करावी, कारण प्रतिज्ञापत्र, साक्षीदार आणि अधिकाऱ्याचा आदेश यांत बराच काळ जातो. मूल जन्मताच त्याची नोंद व्हावी असे 1989च्या बालहक्क संहितेचे सातवे कलम सांगते, आणि 2030पर्यंत जन्मनोंदणीसह सर्वांना कायदेशीर ओळख देण्याचे उद्दिष्ट संयुक्त राष्ट्रांनी ठरवले आहे. तरीही नोंद नसलेली माणसे या कामात वारंवार भेटतात.

पत्त्यासाठी निवारागृहाचे किंवा संस्थेचे पत्र घ्यावे. त्यावर तारीख, सही करणाऱ्याचे नाव आणि हुद्दा स्पष्ट असावा. तयार झालेले कार्ड टपालाने येणार असेल तर ते कोण स्वीकारणार हे लेखी ठरवावे, नाहीतर सारी मेहनत होऊन कार्ड माघारी जाते. मोबाइल क्रमांकाच्या जागी कार्यकर्त्याने स्वतःचा क्रमांक देणे सोयीचे वाटते, पण तो काम सोडून गेला की ओटीपी त्याच्याच फोनवर येत राहतो. शक्यतो क्रमांक त्या व्यक्तीचाच असावा. शुल्कमाफी मिळते का, हेही आधीच विचारावे.

कार्यालयात जायच्या दिवसाची तयारी वेगळी. गाठोडे कोण सांभाळणार, बुडणाऱ्या रोजाचे काय, औषधाची वेळ कोणती, आंघोळ आणि धुतलेले कपडे कुठे मिळतील, हे आदल्या दिवशी ठरलेले असावे. सिमेंट-चुन्यात काम केलेल्या हातांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसे घेत नाही. हे कर्मचाऱ्याला सुरुवातीलाच सांगून डोळ्यांची प्रतिमा किंवा अन्य पर्याय विचारावा. प्रश्नांची उत्तरे त्या व्यक्तीलाच देऊ द्यावीत, आपण मध्ये बोलू नये. कायद्यापुढे व्यक्ती म्हणून ओळखले जाण्याचा हक्क 1948च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याने प्रत्येकाला दिलेला आहे, त्यामुळे खिडकीपुढे अजीजी करण्याचे कारण नाही. नकार मिळाला तर तो कारणासह लेखी मागावा, आणि पोचपावतीचा क्रमांक किमान दोन ठिकाणी उतरवून ठेवावा.

कार्ड हातात आल्यावर त्याच दिवशी अक्षर न् अक्षर तपासावे. पुढे पाऊस, चोरी किंवा पदपथावरची कारवाई यांत ते हरवेल असे धरूनच चालावे : गळ्यात अडकवता येईल अशा जलरोधक पिशवीत एक प्रत, दुसरी प्रत संस्थेकडे, आणि मूळ कार्ड कुठे ठेवायचे ते त्या व्यक्तीने ठरवावे. ते संस्थेच्या कपाटात ठेवले तर त्याची पावती द्यावी, आणि मागेल त्या क्षणी, कारण न विचारता, ते परत करावे.