चिखलातल्या गाण्याला जाताना पायात काय घालावं

गणपतीच्या दिवसांत बेळगावात पाऊस असतो आणि मैदानावरच्या ऑर्केस्ट्राला गर्दीही असते. छत्री, रेनकोट, मोबाईलला पिशवी हे कुणाला सांगायला नको. पायांच्या बाबतीत मात्र दरवर्षी तोच सल्ला फिरतो : "स्लीपर घाल, भिजली तर भिजली." असं सांगणाऱ्यानं चिखलात तीन तास उभं राहून गाणं ऐकलेलं नसतं. स्लीपर प्रत्येक पावलाला मागून चिखल उडवते आणि ड्रेसची पाठ रंगवते. चिकट जागी तिचा पट्टा सोलमधून उपटून येतो, मग एका पायानं लंगडत घरी या. मंडपाच्या आजूबाजूला बांबूच्या चिपा, तारेचे तुकडे, खिळे पडलेले असतात, त्यामुळे अनवाणी चालायचा प्रश्नच नाही. साचलेल्या पाण्यातून उघड्या जखमेवाटे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाचा धोका असतो, तो वेगळाच.

पहिली गोष्ट, माती बघा. पाऊस किती पडणार, यापेक्षा मैदान कुठल्या मातीचं आहे यावर पायातलं ठरतं. टिळकवाडी, कॅम्प आणि तिथून खानापूरच्या बाजूला तांबडी माती, खाली जांभा. पाणी लवकर मुरतं, वर निसरडा थर राहतो. तिथं पाय रुतत नाही, घसरतो. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात, आणि निपाणी, गोकाक, अथणीकडे काळी. ती पाणी पिऊन फुगते आणि पाय धरून ठेवते. एकाच जिल्ह्यात दोन तऱ्हा, त्यामुळे "पावसाळी चप्पल द्या" म्हणून दुकानात जाण्यात अर्थ नाही.

तांबड्या मातीसाठी मागे पट्टा असलेले, मऊ रबराच्या खाचदार सोलचे फ्लोटर घ्या. काम झालं.

काळ्या मातीसाठी फ्लोटर नको. पट्ट्याखाली चिखल शिरतो, तळपाय आतल्या आत सरकतो आणि बक्कल तुटतं. पर्याय दोनच : गमबूट किंवा कॅनव्हासचे जंगल बूट. दोन्हींचा सोल उलटा करून बघा. बारीक, दाट नक्षी असेल तर परत ठेवून द्या, दहा पावलांत ती भरते आणि सोल गुळगुळीत होतो. दोन खाचांमध्ये करंगळीचं टोक बसेल एवढी जागा हवी, म्हणजे चालताना माती आपोआप गळून पडते. मग बूट बोटांच्या जागी वाकवून बघा. घडीवर पांढरट रेघ उमटली तर प्लास्टिक कडक आहे, तिथंच चिरणार.

आता मापाचं. लोक इथंच फसतात, आणि मलाही हे जमायला बरेच पावसाळे लागले. गमबूट खताच्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते पुरुषांच्या मापाचे असतात आणि सहाच्या खाली बहुधा नसतातच. माझ्यासारख्या चार नंबरवालीला दुकानदार सहाचा काढून देतो आणि वर सांगतो, "ताई, मोजे घाला की दोन, बसतंय बगा." बसत नाही. सैल गमबूट कोरड्या फरशीवर छान वाटतो. काळ्या मातीत पाऊल टाकलं की सोलखाली हवा उरत नाही, चिखल बूट ओढून धरतो. पाय वर येतो, बूट खालीच राहतो, आणि मोज्यासकट पाय चिखलात. मागून गर्दी ढकलत असते, वाकायलाही जागा नसते.

म्हणून दुकानात एक परीक्षा घ्याच. संध्याकाळी जा, दिवसभरानं पाय थोडे सुजलेले असतात. जे मोजे घालणार तेच घरून न्या. बूट घालून उभ्या राहा आणि सोबतच्या कुणाला तरी बुटाचं टोक हातानं जमिनीवर घट्ट दाबून धरायला सांगा. आता टाच उचला. टाच बुटात एक बोटभर उचलली गेली तर ठीक. त्याहून जास्त सुटली तर तो बूट चिखल घेणार, कितीही मोजे कोंबा. दुकानदार हसेल, हसू दे. बोटांपुढे अंगठ्याच्या जाडीएवढी जागा हवी, नाहीतर उतारावर नखं काळी पडतात. पण बूट धरून ठेवतो तो पायाच्या वरच्या उंचवट्यावर, घोट्याच्या पुढे. तिथं पोकळ असेल तर लांबीचं माप बरोबर असूनही उपयोग नाही. जाड इनसोल घातला तर पाय वर उचलला जाऊन ती पोकळी थोडी भरते. अर्ध्या नंबराचा फरक असा निभावतो, दोन नंबरांचा नाही.

उंची पोटरीच्या मध्यापर्यंत पुरे. गुडघ्याला टेकणारे घेऊ नका, त्यात ना नाचता येतं ना खाली बसता येतं. तोंड फार रुंद असेल तर शेजारच्यानं उडवलेला चिखल आत जातो, आणि एकदा आत गेला की रात्रभर तिथंच. दोन बोटं जातील एवढं सैल असू दे, लेगिंग आत खोचता येते.

लहान पायाच्या बायकांना माझं सरळ सांगणं आहे : गमबुटाचा नाद सोडा, जंगल बूट बघा. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, त्यामुळे लष्करी सामानाच्या दुकानांत ते मिळून जातात. पाणी आत येतं, हे खरं. पण घोट्यापर्यंत नाडी आवळलेली असते, चिखलाला बूट काढून घेता येत नाही. पाय ओला होणं आणि बूट गमावणं यात मी पहिलं निवडते. नाडीला दुहेरी गाठ मारून टोकं आत खोचा.

कोल्हापुरी घालणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, फक्त विनंती करते. अथणी-निपाणीत ती हातानं शिवली जाते. 2019 मध्ये मिळालेल्या भौगोलिक मानांकनात कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांपैकी बेळगाव एक आहे. कातडं पाणी पिऊन फुगतं, शिवण सैल होते. तिला घरी ठेवा.

सुती मोजे नकोत. भिजले की भिजलेलेच राहतात आणि चार तासांत टाच सोलते. लोकरीचे किंवा खेळाचे पॉलिएस्टरचे घाला, एक जोड पिशवीत ठेवा. नवे बूट दोन संध्याकाळी घरात घालून वावरा.

मैदानावर पाय रुतला तर सरळ वर ओढू नका. आधी टाच डावी-उजवीकडे हलवा, कडेनं हवा शिरू द्या, मग टाचेकडून उचला. आणि रबरी बूट आहेत म्हणून जनरेटरच्या वायरीवरून, डबक्यातून चालायचं धाडस नको. बुटाला चीर असली किंवा आत पाणी असलं तर ते रबर तुम्हाला वाचवत नाही.

भजनाला गेलात तर पादत्राणं मंडपाबाहेर काढावी लागतात. बाहेर पंचवीस काळे गमबूट सारखेच दिसतात, म्हणून आतल्या बाजूला रंगीत टेप लावा. दिसेल अशी लावा, अंधारात हुडकायचे असतात.

घरी आल्यावर कितीही झोप येत असली तरी काळा चिखल ओला असतानाच धुवा. वाळला की खरवडावा लागतो. बुटात जुना पेपर कोंबा, सकाळी बदला. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवू नका. पायाची बोटं मधल्या बेचक्यांसकट कोरडी पुसा, नाहीतर विसर्जनापर्यंत चिखल्या होतात. खाज सुटली, कातडी पांढरी पडली तर त्याच दिवशी औषधाच्या दुकानातून बुरशीचं मलम आणा आणि दोन दिवस उघडी चप्पल घाला. मधुमेह असेल तर मलमावर थांबू नका, डॉक्टरांना पाय दाखवा.