जुनं मिनी पोकलेन घेताना: इंजिन थंड बघा, हायड्रॉलिक गरम

जुनं मशीन बघायला गेलं की बहुतेक वेळा ते आधीच चालू करून, पाच-दहा मिनिटं गरम करून ठेवलेलं असतं. यात दोन गोष्टी झाकल्या जातात. थंड इंजिन कसं उठतं ते दिसत नाही, आणि हायड्रॉलिक तेल पुरतं तापलेलं नसल्यामुळे पंपाची झीजही दिसत नाही. म्हणून फोनवरच सांगून ठेवा, की आम्ही येईपर्यंत चावी फिरवायची नाही आणि आल्यावर तासभर मशीन चालवून बघणार. याला जो तयार नसेल, त्याच्याकडे जायचं पेट्रोल वाचवा.

आधी 'मिनी' म्हणजे किती टन ते विचारा. पोकलेन हे मुळात एका फ्रेंच कंपनीचं नाव. बॅकहोला जसं जेसीबी, तसं चेनवरच्या प्रत्येक खोदाई मशीनला आपल्याकडे ते चिकटलं. त्यात पावणेदोन टनांपासून सात-आठ टनांपर्यंत सगळ्यांनाच लोक मिनी म्हणतात. पावणेदोन टनांचं मशीन, उदाहरणार्थ कुबोटाचं यू-17, चेन आत ओढल्यावर 99 सेंमी रुंद होतं आणि सव्वादोन मीटरच्या आसपास खोल खोदतं. बंगल्याच्या बाजूची बोळ, जुन्या वाड्याचं परसू, ड्रेनेज लाइन यासाठी ते उत्तम, पण घट्ट मुरमात रखडतं. तीन-साडेतीन टनांचं मशीन साधारण दीड मीटर रुंद असतं आणि तीन मीटरच्या आसपास जातं. सात-आठ टनांचं मशीन चार मीटरपर्यंत खोदतं, पण डिझेल दुप्पट पितं आणि प्रत्येक कामाला ट्रेलर लागतो.

स्वतःची जमीन सांभाळून बाहेरची कामंही घ्यायची असतील तर तीन टनांचा वर्ग बरा. हिशेब करून बघा. आंब्याची 10 बाय 10 मीटरची लागवड म्हणजे एकरी 40 खड्डे, प्रत्येक एक घनमीटरचा. या वर्गातल्या बकेटमध्ये 0.09 घनमीटरच्या आसपास माती येते, म्हणजे एका खड्ड्याला अकरा-बारा बकेटी. मऊ जमिनीत एकरभराचे खड्डे चार-पाच तासांत होतात आणि तासाला तीन-चार लिटर डिझेल जातं. जांभ्यात किंवा काळ्या पाषाणात हा हिशेब चालत नाही. तिथे ब्रेकर, म्हणजे बकेटच्या जागी बसणारा दगडफोडा हातोडा लागतो.

वाहतूक सौद्याआधीच ठरवा. 407 सारख्या गाडीची भारक्षमता सव्वादोन टनांच्या आसपास असते, त्यामुळे साडेतीन टनांचं मशीन तिच्यावर चढवणं म्हणजे सरळ ओव्हरलोड. मोठी गाडी भाड्याने आणावी लागेल, आणि दोन तासांच्या कामाला ते भाडं परवडत नाही. रबर ट्रॅक की स्टीलची चेन, हे कामावरून ठरतं. पेव्हर ब्लॉक, सोसायट्या आणि डांबरी रस्ता असेल तिथे रबर. दगडगोट्यांत, कपारीत स्टील. बेसाल्टच्या धारेवर वळताना रबर फाटतं आणि आतली तार उघडी पडते. तार दिसली, की तो ट्रॅक बदलायचाच आहे असं धरून चाला.

आता प्रत्यक्ष मशीन. पोहोचल्याबरोबर सायलेन्सरला लांबून हात दाखवा. गरम लागला तर बोली करायच्या आधीच गडबड आहे. डिपस्टिक काढा. तेल दुधट असेल तर पाणी आत जातंय. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा आणि पाण्यावर तेलाचा तवंग आहे का बघा. मग ग्लो प्लग (थंड इंजिन उठावं म्हणून आत गरम होणारे प्लग) तापू देऊन सेल मारा. सुरुवातीचा पांढरा धूर मिनिट-दोन मिनिटांत विरला पाहिजे. विरला नाही तर नोझल किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न, निळा धूर असेल तर इंजिन ऑइल पितंय. इंजिन मंद चालत असताना ऑइल भरायचं झाकण काढून भोकावर उलटं ठेवा. ते थोडं थरथरलं तर चालतं, उडून पडलं तर रिंगा गेल्यात.

इंजिन तापेपर्यंत सांगाडा बघून घ्या. नवा रंग म्हणजे वाईटच असं नाही, पण बूमच्या (बॉडीला जोडलेला मोठा हात) बुडाशी, आर्मच्या (बकेटकडचा हात) टोकाशी आणि बूम डावी-उजवीकडे वळते त्या उभ्या पिनेच्या ब्रॅकेटवर रंगाखाली वेल्डिंगच्या गाठी लागतात का, ते बोटाने चाचपा. मिनीत हा ब्रॅकेट सगळ्यांत जास्त मार खातो. बकेट जमिनीच्या जरा वर धरून पहारीने हलवा. पिन-बुश नवे बसवता येतात, पण आर्ममधलं भोकच लांबट झालं असेल तर वेल्डिंग भरून लाइन बोरिंग करावं, म्हणजे भोक पुन्हा गोल कापून घ्यावं लागतं. मग बकेट जमिनीवर दाबून मशीनचं तोंड उचला आणि हळू सोडा. वरची बॉडी आणि खालचा सांगाडा यांच्यातली फट उघडझाप करताना दिसली तर स्लू बेअरिंग, म्हणजे वरची बॉडी ज्यावर फिरते ते बेअरिंग झिजलंय. ते बदलायला वरचा अख्खा भाग क्रेनने उचलावा लागतो, त्यामुळे अशा मशीनवर घासाघीस करण्यापेक्षा उठून येणं स्वस्त पडतं.

चेनचं बघणं सोपं आहे. स्प्रॉकेटचे (चेन फिरवणारं दातेरी चाक) दाते करवतीसारखे टोकदार आणि एका बाजूला झुकलेले असतील तर चेन आणि स्प्रॉकेट दोन्ही संपलेत. रोलरच्या कडेने तेल पाझरत असेल तर सील गेलंय. ट्रॅक ताणणारा ग्रीसचा सिलिंडर पूर्ण बाहेर आला असेल तर ताणायला जागाच उरलेली नाही.

एव्हाना अर्धा तास झाला असेल. आता खरी परीक्षा.

थंड तेल दाट असतं, म्हणून झिजलेल्या पंपातूनही ते फारसं आतल्या आत निसटत नाही. सकाळी झटक्यात चालणारं मशीन दुपारी ढिलं पडतं ते यामुळेच. यावरची एक युक्ती म्हणजे 46 ग्रेडऐवजी 68 चं दाट तेल भरून ठेवणं. टाकीत कोणतं तेल आहे ते विचारा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. अर्धा-पाऊण तास सलग खोदाई करून टाकी हाताला चांगली गरम लागेपर्यंत थांबा, मग पुढच्या चाचण्या घ्या.

पूर्ण थ्रॉटलवर बूम शेवटापर्यंत वर नेऊन लिव्हर दोन-तीन सेकंद धरून ठेवा. इंजिन जरा दबून पुन्हा सावरलं पाहिजे. खूप दबलं आणि काळा धूर आला तर आधी एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बघा, नंतर इंजिन. इंजिन अजिबात दबत नाही आणि खोदताना बकेटही जोर धरत नाही, तर पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (ठरलेल्या दाबाच्या वर गेलेलं तेल सोडून देणारा व्हॉल्व्ह). मेकॅनिकला प्रेशर गेज घेऊनच सोबत न्या. या वर्गात मेन रिलीफ व्हॉल्व्हचा दाब साधारण 200 ते 250 बारच्या दरम्यान असतं. त्या मॉडेलचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या.

भरलेली बकेट उचलून इंजिन बंद करा, बूमच्या सिलिंडरच्या दांडीवर खडूची खूण करा आणि पाच मिनिटं थांबा. खूण ठळक सरकली तर सिलिंडरचं सील किट किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह. सील किट स्वस्त आहे, पण दांडीवरून नख फिरवून बघा. क्रोमवर नख अडकत असेल तर नवं सीलही काही दिवसांत फाटणार. त्यानंतर बूम आणि ब्लेडने (माती ढकलायचं पातं) एक बाजू उचलून ट्रॅक मोकळा फिरवा, तीन फेऱ्यांना लागलेले सेकंद मोजा, मग दुसरी बाजू. दोन्हीकडे वेळ जवळपास सारखा हवा. सपाटीवर 20 मीटर सरळ चालवा. मशीन एका बाजूला ओढत असेल तर त्या बाजूची ट्रॅव्हल मोटर (ट्रॅक फिरवणारी हायड्रॉलिक मोटर) किंवा पंपाचा एक भाग अशक्त आहे. चालताना ब्लेड आपोआप हलत असेल तर मधल्या सेंटर जॉइंटचे, म्हणजे वरच्या बॉडीतून खाली तेल नेणाऱ्या फिरत्या जोडाचे सील फुटलेत. शेवटी रिटर्न फिल्टर (टाकीत परत येणारं हायड्रॉलिक तेल गाळणारा) उघडायला सांगा. घडीत पितळी चमक दिसली, की पंप आतून झडतोय. तिथून पुढे बोलणी थांबवा.

ब्रेकर मिळतोय म्हणून खुश होऊ नका. ब्रेकरवर राबलेल्या मशीनचे बोल्ट आणि पिना ढिल्या होतात, पाइपांचे क्लॅम्प तुटतात, आणि तेल लवकर घाण होत असल्याने ते आणि फिल्टर नेहमीच्या निम्म्याहून कमी अंतराने बदलायचे असतात. तसं बदलल्याच्या पावत्या मागा. ब्रेकर सोबत नाही, पण आर्मवर जास्तीच्या लाइनच्या क्लॅम्पच्या खुणा आहेत, तर तो कुठे गेला हेही विचारा.

अवर मीटरवर फार विसंबू नका. 2,000 तास दाखवणाऱ्या मशीनचे पेडलचे रबर गुळगुळीत आणि लिव्हरच्या मुठी झिजलेल्या असतील तर आकडा खोटा. जेसीबीच्या लाइव्हलिंकसारखी, मशीनची माहिती दूरवरून नोंदवणारी यंत्रणा बसवलेली असेल तर डीलरकडून सिरियल नंबरवर तासांची नोंद मिळू शकते. जपानहून जुनी म्हणून आयात झालेली मशीनं चांगलीही असतात, पण ते मॉडेल इथे विकलंच गेलं नसेल तर एका सीलसाठी आठवडाभर मशीन उभं राहतं. घेण्याआधी जवळच्या स्पेअरवाल्याला मॉडेल सांगून फिल्टर, सील किट आणि ट्रॅक मिळतो का, हे फोनवर विचारा.

चेनच्या मशीनला सहसा आरटीओ पासिंग नसतं, त्यामुळे मालकी बिलावरच ठरते. मूळ इनव्हॉइस, फायनान्स असेल तर कंपनीची एनओसी, आणि मशीनच्या प्लेटवरचा व इंजिनावर कोरलेला नंबर हे तिन्ही जुळले पाहिजेत. प्लेटचे रिव्हेट नवे दिसले तर थांबा. तुमच्या नावाच्या बिलावर दोन्ही नंबर लिहून घ्या. विमा काढताना तेच लागतात. कंत्राटी कामासाठी सीपीएम (कॉन्ट्रॅक्टर्स प्लांट अँड मशिनरी) पॉलिसी घ्यावी.

मशीन घरी आलं, की पहिल्याच दिवशी इंजिन ऑइल, सगळे फिल्टर आणि फायनल ड्राइव्हचं (ट्रॅक फिरवणारा गिअरबॉक्स) तेल बदला, मागच्या मालकाने कालच बदललं असं सांगितलं तरी. ड्रेन प्लगला चिकटलेला भुगा पुसून कागदावर ठेवा. 50 तासांनी रिटर्न फिल्टर पुन्हा उघडा आणि पहिल्याच्या शेजारी ठेवून बघा.