मोठ्या फिशटँकसाठी काच की ॲक्रिलिक? या चुका टाळा

काच की ॲक्रिलिक (काचेसारखं पारदर्शक, कडक प्लॅस्टिक) हा वाद बहुतेक वेळा वजनावरून सुरू होतो आणि तिथेच पहिली गफलत होते. 180 सेंमी लांब, 60 सेंमी रुंद, 60 सेंमी उंच टाकी धरा. काठोकाठ भरली तर 648 लिटर, म्हणजे 648 किलो पाणी. 12 मिमी काचेत ही रिकामी टाकी साधारण 120 किलोची होते, 19 मिमी ॲक्रिलिकमध्ये 90 किलोच्या आसपास. ॲक्रिलिकची घनता काचेच्या निम्म्याहून कमी, हे खरं. पण ते जाड घ्यावं लागतं, त्यामुळे वाचतात ते तीसेक किलो. पाणी, टाकी, वाळू, दगड आणि स्टँड मिळून आठ-नऊशे किलोंचा भार होतो, त्यात हा फरक कुठेच लागत नाही. जमीन पेलेल का, हे दोन्हींसाठी सारखंच तपासायचं. हलकेपणाचा खरा फायदा टाकी जिन्यावरून वर नेताना होतो, तेवढाच.

लिटर मोजणं, उंची विसरणं

भिंतीवरचा दाब पाण्याच्या उंचीवर ठरतो. 60 सेंमी पाण्याच्या तळाशी दर चौरस मीटरला सुमारे 600 किलो दाब असतो, मग टाकी एक मीटर लांब असो वा तीन. उंची दुप्पट केली की तळाचा दाब दुप्पट होतो आणि पुढच्या भिंतीवरचा एकूण जोर चौपट. म्हणून जाडी ठरवताना "किती लिटरची?" असंच विचारणाऱ्या कारागिराकडून टाकी बनवून घेऊ नका.

ओरखड्यांचा विचार शेवटी करणं

माझ्या मते निवड इथेच व्हायला हवी. टाकी तुम्ही एकदाच विकत घेता, पण पुसता दर आठवड्याला. काचेवर धातूचं ब्लेड बिनधास्त चालतं. ॲक्रिलिकवर तेच ब्लेड एकदा तिरकं पडलं की चरा उमटतो. मॅग्नेट क्लीनरच्या (आतून-बाहेरून चुंबकाने चालणाऱ्या पुसणीच्या) पॅडमध्ये वाळूचा एक कण अडकला तरी पुरे, आणि तो कण नेहमी तळालगतच्या दोन बोटांच्या पट्ट्यात सापडतो. समुद्री टाकीत गुलाबी चुनखडीसारखं शेवाळ घट्ट बसतं. काचेवरून ते खरवडता येतं, ॲक्रिलिकवर मात्र प्लॅस्टिकच्या पट्टीने घासत बसावं लागतं. सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखा समुद्री जीव) पाळायचा असेल तर ॲक्रिलिक सोडूनच द्या, तो दातांनी शेवाळ खाताना रेघा ओढत जातो.

ॲक्रिलिकच्या बाजूनेही बोलायला हवं. त्यावरचे चरे बारीक होत जाणाऱ्या पॉलिश पेपरने घालवता येतात, काही संच तर भरलेल्या टाकीतही वापरता येतात. आतले चरे पाण्यात निम्मे लपतातही. काचेवर मात्र खोल चरा पडला की तो कायमचाच. ज्यांच्या हाताला सबुरी आहे त्यांना ॲक्रिलिक परवडेल. घाईघाईत टाकी पुसणाऱ्यांनी काच घ्यावी.

अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला काच पुसायचा स्प्रे ॲक्रिलिकवर मारू नका, त्याने बारीक भेगांचं जाळं पसरतं.

भिंतीला पोट आलं तर

ॲक्रिलिक काचेपेक्षा जवळपास वीसपट लवचीक असतं. त्यामुळे भरल्यावर त्याला थोडं पोट येणारच, वरच्या काठाची रुंद ब्रेसिंग (भिंती धरून ठेवणारी पट्टी) त्यासाठीच असते. दिसायला आड येते म्हणून ती कापणं म्हणजे संकटाला आमंत्रण. सरळ पट्टी लावून मधला फुगवटा मोजा आणि लिहून ठेवा. आकडा स्थिर असेल तर चिंता नाही, दर आठवड्याला वाढत असेल तर पाणी उतरवा आणि मगच कारण शोधा.

"ॲक्रिलिक फुटत नाही" हाही एक भ्रम. ते काचेपेक्षा धक्का जास्त सोसतं, एवढंच खरं. 16 डिसेंबर 2022 रोजी बर्लिनमधल्या हॉटेलातली सुमारे दहा लाख लिटरची टाकी फुटली, ती ॲक्रिलिकचीच होती. आणि जपानमधल्या ओकिनावाच्या चुराउमी मत्स्यालयात ॲक्रिलिक आहे म्हणून तेच उत्तम, हा तर्कही घरी लागू होत नाही. तिथला पॅनेल 60 सेंटिमीटर जाड आहे!

गळती आणि सांधे

काचेच्या टाकीतला सिलिकॉनचा सांधा ठिबकू लागला की लोक वरून नवं सिलिकॉन थापतात. जुन्या, सुकलेल्या सिलिकॉनवर नवं नीट चिकटत नाही. आतली पट्टी पूर्ण खरवडा, काच स्वच्छ करा आणि मग नवी पट्टी ओढा. बुरशीरोधक औषध घातलेलं बाथरूमचं सिलिकॉन माशांसाठी घातक असतं, ते चालणार नाही. ॲक्रिलिकचे सांधे सॉल्व्हंटने विरघळवून एकजीव केलेले असतात, तिथे सिलिकॉनचं ठिगळ टिकत नाही. ॲक्रिलिकची टाकी घेताना पत्रा सेल-कास्ट (साच्यात ओतून बनवलेला) आहे ना, हे विचारा. एक्सट्रूडेड (यंत्रातून दाबून काढलेल्या) पत्र्याला सांध्यापाशी लवकर भेगा पडतात.

पाइपसाठी भोक पाडायचं असेल तर आधी काच टफन्ड (उष्णता देऊन कडक केलेली) आहे का ते पाहा. टफन्ड काचेला ड्रिल लावलं की तिचा चुरा होतो. रिकाम्या टाकीच्या एका बाजूला एलसीडी स्क्रीन उजळ ठेवा आणि दुसऱ्या बाजूने पोलराइज्ड गॉगल लावून पाहा. गडद ठिपके किंवा पट्टे दिसले तर काच टफन्ड आहे. ॲक्रिलिकला हे भय नाही, त्यामुळे भोकं बरीच हवी असतील तर ते सोयीचं.

बैठक

ॲक्रिलिकच्या तळाला सगळीकडून सपाट आधार लागतो, चार कडांवर ते ठेवू नये. बिनफ्रेमच्या काचेखाली फोमची चादर घाला. फ्रेमवाल्या टाकीला ती नको, कारण तिचा भार फ्रेमनेच घ्यायचा असतो. पाणसळीत फरक दिसला तर पाचर स्टँडच्या पायांखाली घाला, टाकीखाली कधीच नाही. मग त्याच स्टँडवर, त्याच जागी टाकी एक तृतीयांश भरा, एक दिवस थांबा, पुन्हा भरा. पूर्ण भरल्यावर काही दिवस सांध्यांखाली कोरडा कागद ठेवा. तो कोरडाच राहिला तरच वाळू आणि दगड आत जाऊ द्या.