शंकूच्या सावलीवरून गावाचा अक्षांश काढा

जळगावच्या विद्यापीठातून गणितात एम.एस्सी., मग सेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, आणि आता कॉलेजात रिअल अ‍ॅनालिसिस शिकवतो. कॉलेज सुटलं की मात्र सावल्या मोजायच्या. हा नाद पाटणादेवीला लागला. चाळीसगावजवळच्या त्या पाटण गावात भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला. तसा शके ११२८ चा शिलालेखच आहे. अशा मुलखातल्या पोरांनी आपल्या गावाचा अक्षांश एकदा तरी स्वतःच्या हाताने काढावा, असं मला मनापासून वाटतं.

दिवस २० किंवा २१ मार्चचा धरा. तेव्हा दिवस-रात्र समान असते, सूर्य विषुववृत्तावर असतो; म्हणून मध्यान्ही तो डोक्यावरून जितके अंश कललेला दिसतो, तितकाच गावाचा अक्षांश. सप्टेंबरातही दिवस-रात्र समान होते, पण तेव्हा ढगांचा भरवसा नाही. तारीख एका दिवसाने चुकली तरी उत्तर ०.४ अंशाने सरकतं.

सगळा जीव जागेत आहे. गच्चीला पाण्याचा उतार असतो, म्हणून तिथे थेट मोजू नका. प्लायवूडची फळी ठेवा आणि पाणसळ लावून, खाली कागदाच्या घड्या सारत ती दोन्ही दिशांनी सपाट करा. फळी एक अंश कलली की उत्तरही तेवढंच बिघडू शकतं. तिच्यावर ६० सेंटिमीटरची सळई, म्हणजेच आपला शंकू, उभी करा आणि ओळंब्याने तपासा.

सकाळी दहापासून अडीचपर्यंत दर पंधरा मिनिटांनी सावलीच्या टोकाला पेन्सिलीने टिंब द्या. टोक धूसर दिसेल, कारण सूर्य ठिपका नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. गडद आणि फिकट यांच्या मधोमध टिंब द्यायचं. या दिवशी सगळी टिंबं एका सरळ रेषेत येतात! ते बघताना वर्गातली मागच्या बाकावरची पोरंही पुढे सरकतात. भर दुपारी ढग आला तरी बिघडत नाही; सळईच्या बुडापासून त्या रेषेवर लंब टाका, तीच मध्यान्हाची सावली.

जळगावात ती साधारण २३ सेंटिमीटर भरते. २३ भागिले ६० म्हणजे ०.३८३, कॅल्क्युलेटरवर त्याचं टॅन इन्व्हर्स (tan⁻¹) घेतलं की २१ अंश, हाच जळगावचा अक्षांश. जुने ज्योतिषी १२ अंगुलांचा शंकू घेत आणि या सावलीला पलभा म्हणत. आपली पलभा सुमारे ४.६ अंगुलं. चाळीसगावला याच सळईची सावली २२.४ सेंटिमीटरच्या आसपास येईल, नंदुरबारला २३.५. दोन्हीकडे नातेवाईक असतील तर त्यांनाही त्याच दिवशी मोजायला सांगा.

मार्च हुकला तर २५ मेच्या सुमारास जळगावात सळई उभी करा. साडेबाराच्या आधी काही मिनिटं सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि तिची सावली बुडातच शिरते.