युद्ध नेमकं कुठे फिरलं ते कसं शोधायचं

आमच्या गावच्या वाचनालयात मे महिन्यात सुट्टीला आलेल्या पोरांसाठी मी इतिहासाचा एक तास घेतो, पैसेबिसे काही नाही, दुपारी उन्हात आंबे काढायचं काम थांबतं तेव्हा पोरं मोकळी असतात एवढंच. गेल्या साली दुसऱ्या महायुद्धातली रशियातल्या स्टालिनग्राड शहराची लढाई सांगत होतो आणि मोठ्या थाटात फळ्यावर लिहिलं, २ फेब्रुवारी १९४३, जर्मन शरण आले, इथे महायुद्ध फिरलं. सातवीतली एक पोरगी म्हणाली, "काका, पण ते तर नोव्हेंबरपासून अडकलेले ना, मग फेब्रुवारीत काय फिरलं?" काय सांगणार, खडू हातात तसाच. तेव्हापासून पद्धत बदलली, तीच इथे लिहितोय, प्रोजेक्टवाल्यांना आणि स्पर्धा परीक्षावाल्यांना उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. विजयदुर्गच्या जेटीवर उभं राहून खाडीत नांगरलेल्या होड्या बघा. भरती चालू असेल तर सगळ्यांची नाकं समुद्राकडे, कारण होडी येणाऱ्या पाण्याकडे तोंड करून राहते. पाणी काठोकाठ भरतं, काठावरचा चाकरमानी फोटो काढत म्हणत असतो काय पाणी चढलंय बघ, आणि तेवढ्यात एकेक होडी हळूच वळायला लागते, नाक जमिनीकडे. आमचे आजोबा म्हणायचे, "पाणी फिरला बघ." पाणी अजून तेवढंच दिसत असतं. युद्धात आपल्याला हा क्षण पकडायचाय, चिखल उघडा पडतो तो नव्हे.

म्हणून पहिलं काम, वहीचं जोडपान उघडा, डावीकडे एक बाजू, उजवीकडे दुसरी, मध्ये तारखा. कोण जिंकलं ते लिहू नका. प्रत्येक तारखेला एवढंच विचारा की इथे, या दिवशी लढायचं हे कोणी ठरवलं? ज्याने ठरवलं त्याच्या बाजूला टिकली लावा (आमच्याकडे खरंच कपाळाच्या टिकल्या वापरतो, पाकीट स्वस्त पडतं). टिकल्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला सरकायला लागल्या की तुम्ही जवळ आलात.

पॅसिफिकचं करून बघा. पर्ल हार्बर, डिसेंबर १९४१, टिकली जपानची. मलाया, सिंगापूर, फिलिपिन्स, जपान, जपान, जपान. जून १९४२ मिडवे (पॅसिफिकमधलं अमेरिकेचं बेटावरचं ठाणं), ती पण जपानचीच, कारण चालून तेच आले. पुढची मोठी नोंद ७ ऑगस्ट १९४२, ग्वाडलकनाल बेट, टिकली अमेरिकेची, आणि त्यानंतर बघत जा, जपान जवळपास कायम उत्तर देतोय, प्रश्न समोरचा विचारतोय. म्हणजे फिरलं ते जून ते ऑगस्टच्या मध्ये.

मिडवेवर थोडं थांबतो कारण पोरांना हे भयंकर आवडतं. जपानी संदेशात एएफ नावाच्या जागेवर हल्ला असं यायचं, ती जागा कुठली याची खात्री नव्हती, तर अमेरिकनांनी मिडवेवरून मुद्दाम उघड संदेश पाठवायला लावला की आमचं गोड्या पाण्याचं यंत्र बिघडलंय, आणि थोड्याच वेळात जपानी संदेशात आलं की एएफला पाणी कमी आहे. झालं, कळलं. मग ४ जूनची सकाळ. अमेरिकेची टॉर्पेडो विमानं खालून आली आणि एकामागून एक पाडली गेली, एका तुकडीची १५ च्या १५ गेली, एकच माणूस वाचला. पण त्यांच्या मागे लागून जपानी फायटर खाली उतरले होते. तिकडे मॅकक्लस्की या अमेरिकन वैमानिकाची बॉम्बर विमानं ठरलेल्या जागी पोचली तर समुद्र रिकामा, पेट्रोल संपत आलेलं, आणि खाली एकटी एक जपानी विनाशिका जोरात कुठेतरी चाललेली दिसली, अराशी तिचं नाव, ती एका पाणबुडीच्या मागे थांबून उशीर झाल्यामुळे आपल्या ताफ्याकडे पळत होती. तो तिच्या दिशेने गेला. साडेदहाच्या आत जपानच्या कागा, अकागी आणि सोर्यू या विमानवाहू नौका (जिच्यावरून विमानं उडतात ती जहाजं) पेटल्या होत्या, चौथी हिर्यू दुपारी.

आता इथेच सगळे घसरतात. अराशी दिसली नसती तर? असं पोरं तासभर खेळतात, मजा येते, पण गोष्ट भारी आहे म्हणून ती टर्निंग पॉइंट ठरत नाही. म्हणून दुसरं काम, गेलेलं भरून काढता आलं का ते बघा. अमेरिकेची विमानवाहू यॉर्कटाउन गेली, तीही आधीच्या लढाईत फुटलेली, पर्ल हार्बरच्या गोदीत तीन दिवसांत डागडुजी करून उभी केलेली. पण युद्ध संपेपर्यंत अमेरिकेने नव्या मोठ्या विमानवाहू डझनाहून जास्त उतरवल्या. जपानने चार घालवल्या आणि नवी मोठी तायहो ताफ्यात यायला मार्च १९४४ उजाडला, ती जूनमध्ये बुडाली सुद्धा. माझं मत असं की मिडवेला जपानच्या हातून निवड गेली, आणि ग्वाडलकनालला उरलंसुरलं झिजलं.

तिसरं, शेवटाकडून मागे या. स्टालिनग्राडला शरणागतीपासून एकेक पाऊल मागे जा आणि दर वेळी विचारा, इथून अजून सुटता आलं असतं का? जानेवारीत नाही. डिसेंबरात जर्मन सेनापती मानस्टाइनची मदत जवळपास ५० किलोमीटरवर येऊन अडकली, तेव्हा कदाचित, पण हिटलर शहर सोडू देत नव्हता. विमानांनी रसद टाकू म्हणून जर्मन हवाई दलाचा प्रमुख गोरिंगने शब्द दिलेला, रोज किमान ३०० टन लागायचे आणि पोचायचे त्याच्या निम्म्याहून कमी. अजून मागे, २३ नोव्हेंबरला कलाचजवळ वेढा जुळला. अजून मागे, १९ नोव्हेंबर, रशियन फौजा शहरावर न जाता बाजूच्या, जर्मनांच्या बाजूने लढणाऱ्या रोमानियन फळीवर तुटून पडल्या. आणि त्याच्याही मागे, ती फळी इतकी पातळ का होती? कारण जर्मन एकाच उन्हाळ्यात व्होल्गा नदी पण मागत होते आणि कॉकेशसचं तेल पण. सातवीतल्या पोरीचं बरोबर होतं.

पण टिकल्यांची पद्धत इथे वेगळं उत्तर देते, कारण मार्च १९४३ मध्ये जर्मनांनी खारकोव्ह परत घेतलं आणि जुलैत कुर्स्कला स्वतःहून चढाई केली. पूर्वेकडची त्यांची शेवटची मोठी टिकली ती. कोणी म्हणेल डिसेंबर १९४१ ला मॉस्कोसमोरच खेळ संपला होता. तिन्ही उत्तरं चालतात, फक्त तुम्ही 'फिरणं' कशाला म्हणताय ते आधी लिहा नाहीतर परीक्षक मार्क कापेल आणि बरोबर कापेल.

नकाशावर मात्र विश्वास ठेवू नका. पहिल्या महायुद्धात मार्च १९१८ मध्ये जर्मनांनी पश्चिम आघाडीवर अशी मुसंडी मारली की तीन-साडेतीन वर्षांत तेवढी जमीन मिळाली नव्हती, नकाशा बघितला तर जिंकतायत असंच वाटेल, पण पोटात काही नसलेल्या तुकड्या ब्रिटिशांची गोदामं सापडल्यावर खाण्यापिण्यासाठी तिथेच थांबत होत्या आणि समोर उन्हाळ्यात अमेरिकन सैनिक महिन्याला दोन लाखांच्या वर उतरत होते. नोव्हेंबरात युद्ध संपलं. काठोकाठ पाणी आणि वळलेल्या होड्या, हेच ते.

शेवटी घरचा अभ्यास. विजयदुर्ग, फेब्रुवारी १७५६, इंग्रजांचे वॉटसन आणि क्लाइव्ह समुद्राकडून, पेशव्यांची फौज जमिनीकडून. एका जहाजाला आग लागली, ती पसरली आणि तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. सगळी पोरं आगीवर टिकली लावायला धावतात. मी म्हटलं मागे या. १७५५ मध्ये पेशव्यांनी मुंबईच्या इंग्रजांशी करार करून त्यांना आंग्र्यांवर बोलावलं आणि त्याच वर्षी सुवर्णदुर्ग पडला. आपलंच आरमार परक्याच्या तोफांनी मोडायचं हे तिथे ठरलं, माझी टिकली तिथे. विजयदुर्ग पडल्यावर इंग्रज तो सोडायला लगेच तयार झाले नाहीत, पुढे बाणकोटच्या बदल्यात दिला, आणि हेच वॉटसन-क्लाइव्ह पुढच्या वर्षी बंगालमध्ये, जून १७५७ प्लासी.

तर एक पोरगा, त्याचे बाबा पर्सिननेटवर (मोठ्या जाळ्याच्या मासेमारी बोटीवर) खलाशी आहेत, म्हणाला की मग १७८३ ला पेशव्यांच्या आनंदराव धुळपांनी विजयदुर्गच्या आरमाराने इंग्रजांचं रेंजर जहाज पकडलं ते कसं काय? आरमार संपलं होतं ना? मी म्हटलं भरपाई तपास, गलबतं किती, तोफा किती, समोरच्याची किती. तो अजून तपासतोय. जोडपानावर त्याची टिकली १७८३ च्या पुढे कुठेतरी आहे, माझी १७५५ वर, आणि आगीवरच्या दोन कोणीतरी नखाने काढून टाकल्यात.